उरलेली वेलांटी

१

मोहखेडच्या शाळेतून त्या सकाळी एक शब्द चोरीला गेला. पितळी घंटा जागेवर होती, कंदील खुंटीला होते, सतरंजीची घडीसुद्धा मोडली नव्हती. नेलं ते एवढंच, फळ्यावरचा एक शब्द, आणि तोही होता तितक्या साऱ्या ठिकाणचा.

इंदूबाई तेलगोटे दारातच थबकल्या. अकोटच्या कचेरीतून त्या प्रौढ साक्षरतेच्या परीक्षा घेत तालुकाभर हिंडत. अंगाने काटक, बोलायला फटकळ. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले गंडे, ताईत, नवससायास त्यांनी एका दिवसात बाहेर काढले होते आणि दुसऱ्यांच्या घरातलेही निघावेत अशी त्यांना भारी घाई असे. मात्र समोर कुणी रडू लागलं की बाईंचा आवाज बसे, आणि मग त्या उगाच पिशवीत काहीतरी शोधत.

आदल्या संध्याकाळी वर्ग सुटून बाया घरी गेल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने फळ्यावर एक पत्र लिहून ठेवलं होतं. वर्गातल्या बायांनी ते एकेकीने, जमलेल्या गावासमोर, मोठ्याने वाचायचं. मग पाटीवर लेखन, मग बाजारहाटाचे हिशेब. पत्र असं होतं:

‘ताईस नमस्कार. आम्ही येथे सर्व खुशाल आहोत. बाळही खुशाल आहे. कापूस चांगला आला, सर्वांना खुशी झाली. तू माहेरी खुशाल ये. तुझी खुशाली कळव.’

आता त्यात ‘खुशाल’ कुठेच उरला नव्हता. बाकी एका अक्षराला धक्का नाही. शेवटच्या ओळीत तर ‘खुशाली’मधला ‘खुशाल’ तेवढा पुसला होता आणि मागची दीर्घ वेलांटी एकटीच राहिली होती, खुंटीला टांगलेल्या छत्रीसारखी.

शेजारी देवमन मास्तर घाम पुसत उभे होते. पोरसवदा माणूस. दिवसा मुलांना शिकवून थकायचा आणि दिवेलागणीला बायांचा वर्ग घ्यायचा. त्यांनी चाचरत नियमाची आठवण करून दिली. ती इंदूबाईंना द्यायची गरज नव्हती. परीक्षेच्या मजकुराला आधी कुणाचा हात लागला, तर त्या गावची परीक्षा रद्द, आणि पुढची थेट पुढच्या हंगामात.

“अन् मनकर्णेचं काय होईल, बाई?” मास्तर म्हणाले.

मनकर्णा वर्गातली सर्वांत हुशार. नवऱ्याने टाकलेली, कडेवर लहान पोर, भावाच्या दारी राहायची. अमरावतीला सुईणींच्या शिक्षणात तिला जागा मिळाली होती, साक्षरतेचा दाखला आठवड्याच्या आत नेऊन दिला तर. नाहीतर जागा दुसरीला. भावजयीने तिचं ताट आताच वेगळं मांडायला सुरुवात केली होती.

“दार लावून घ्या आणि गावात काही बोलू नका,” इंदूबाई म्हणाल्या. “परीक्षा दुपारी. तोवर मला चोर शोधू द्या. कडी कुणी काढलेली दिसली का?”

मास्तरांनी मान खाली घातली. “पहाटे एक बाई खिडकीशी दिसली म्हणतात. सांगायला जीभ रेटत नाही. मनकर्णाच होती.”

२

चोर कोण हे ठरवण्याआधी चोर कोण नाही हे इंदूबाईंनी ठरवून टाकलं. ज्याला वाचता येत नाही त्याला एवढ्या मजकुरातून नेमका एक शब्द वेचता येणार नाही. म्हणजे वाचणाऱ्यांतलाच कुणीतरी. मोहखेडात असे मोजकेच, त्यामुळे काम सोपं झालं असं त्यांना वाटलं.

पहिले खुद्द मास्तर. मजकूर जड आहे, पुस्तकातला नाही, अशी कुरकुर त्यांनी काल केली होती. इंदूबाईंनी तसं तोंडावर विचारलं. मास्तर दुखावले, पण रागावले नाहीत. अवघड शब्द कुठला, हे तुम्हाला इथं राहिल्याशिवाय कळायचं नाही, असं ते म्हणाले. मैनाबाईंचंच बघा. सासऱ्यांचं नाव गुलाबराव. पुस्तकात ‘गुलाब’ आला की त्या बिनदिक्कत ‘काट्याचं फूल’ वाचतात आणि पुढे सरकतात. आता त्यांना नापास करायचं की पास?

“खुळं आहेत ही,” इंदूबाई म्हणाल्या. “नाव घेतल्यानं आयुष्य कमी व्हायला ते काय कंदिलातलं तेल आहे?” मास्तर नुसते हसले आणि गोष्ट तिथेच राहिली.

दुसरे सरपंच रामराव. मैनाबाईंचे यजमान. त्यांच्या ओसरीवर चहा आला तो इंदूबाईंना काचेच्या पेल्यात आणि रामरावांना कपबशीत. इंदूबाईंनी ते पाहिलं, ओळखलं आणि चहा प्याल्या. आज त्यांना दुसरं भांडण होतं. बायांच्या वर्गाची रामरावांनी पारावर पुष्कळ थट्टा केली होती, बायको आपल्याआधी वर्तमानपत्र उघडते म्हणून. पण फळ्याची हकीकत ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

“हा अपशकुन हाय, बाई. कोनीतरी गावाची खुशाली पुसली,” ते म्हणाले. “तुमी खुशाल चौकशी करा. माझ्या घरापासून करा.”

घरापासून म्हणजे मैनाबाईंपासून. वर्गात त्यांचा नंबर दुसरा, आणि पहिल्या नंबराशी त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. मनकर्णा पुढे जाऊ नये म्हणून परीक्षाच बुडवावी, हे त्यांना न सुचण्यासारखं नव्हतं. इंदूबाई तसं काही बोलल्याही नाहीत, तरी मैनाबाईंनी कमरेला पदर खोचला.

“मले त्या पोरीचा राग येते, खोटं काहून बोलू? पन तिच्या लेकराच्या तोंडचा घास म्या नाई काढनार. खुशाल झडती घ्या माझी.” मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “तिनंच त नाई केलं हे? रात्री थे मले म्हने, बैन, लई भेव वाटून राहिलं.”

३

मनकर्णा पोर घेऊन आली ती पाहूनच कळत होतं की रात्रभर डोळ्याला डोळा नाही. होय, खिडकीशी गेले होते, तिने पहिल्याच प्रश्नाला कबूल केलं. राहवलं नाही. अंधार फिटत होता. आत कंदील होता म्हणून फळा दिसला, आणि सगळा मजकूर जागच्या जागी होता. वाचला आणि परत आले.

“आत कंदील कुणाचा?”

“गोदाबाईचा. थे शाया सारवते ना रोज.”

इंदूबाईंना काल संध्याकाळची म्हातारी आठवली. वर्गाच्या मागे भिंतीला टेकून, मनकर्णेची झोपलेली पोर मांडीवर घेऊन बसली होती. नाव हजेरीपटात नाही, हातात पाटी नाही; मास्तर म्हणाले, पोर सांभाळायला येते आणि कंदिलाच्या उजेडात बसते बिचारी. इंदूबाईंनी जाता जाता तिला चिडवलं होतं, आजी, उद्या मी तुम्हालाही फळ्यासमोर उभं करणार. साऱ्या बाया हसल्या. म्हातारी हसली नव्हती.

“तुझ्यानंतर आत कोण गेलं?”

मनकर्णेने मान हलवली. तिला ठाऊक नव्हतं. पण आपल्या बोलण्याचा अर्थ काय होतो, हे तिला कळलं. खिडकीपर्यंत आलेली, वाचता येणारी, आणि मजकूर आधी पाहिला असं स्वतःच्या तोंडाने सांगणारी ती एकटीच. तिने पोरीला घट्ट धरलं.

“माझं नाव खुशाल कापा, बाई. पन चोर म्हनून नका कापू. अमरावतीले नाई गेली त नाई गेली.”

आणि ती रडली. इंदूबाई पिशवीत चष्म्याचं घर शोधू लागल्या. चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

४

गोदाबाईकडे जायचं ते केवळ साक्षीसाठी, संशयासाठी नव्हे. म्हातारी घरापुढचं अंगण सारवत होती. इंदूबाईंना पाहून तिने हात धुतले, स्वतःच्या तांब्यात पाणी आणलं आणि तांब्याच हातात दिला. वरून धार धरली नाही. इंदूबाई पोटभर पाणी प्याल्या.

“बिनघोर बसा, माय,” म्हातारीने बाज पुढे केली. डाव्या मुठीत तिने पदराचं टोक गाठ मारून धरलं होतं. तंबाखू असावी, इंदूबाईंना वाटलं.

“मी खुशाल बसते, तुम्ही सारवणं चालू द्या,” त्या म्हणाल्या.

म्हातारीचा हात शेणाच्या बादलीपाशी थांबला. तिने वळून वाटेकडे पाहिलं, कुणी हाक मारल्यासारखं. वाटेवर कुणी नव्हतं. मग ती पुन्हा कामाला लागली.

इंदूबाईंनी नेहमीच्या गोष्टी विचारल्या. माहेर हेच. दिलेली होती अचलपूरकडे. कपाळ पांढरं झालं तेव्हा भावाने इथं आणलं. आता भाऊही नाही, भावजयही नाही. मूलबाळ झालंच नव्हतं. मग इंदूबाईंनी पहाटेचं विचारलं, फळ्याचं काहीच न सांगता. शाळेत कुणी आलं होतं का?

“मनकर्णा खिडकीशी आली अन् गेली. आत पाय नाई टाकला तिनं.”

“नक्की?”

“माया समोरचीच गोष्ट. म्या निघाली तवा उजाडलं होतं, कडी म्याच लावली. मंग मास्तर आले.”

शाळा ते मास्तरांचं घर हे अंतर अंगणाएवढं; मधे कुणी आत शिरलं असतं तर त्यांना दिसलं असतं. इंदूबाई उठल्या. मनकर्णेसाठी ही साक्ष चांगली होती, पण तिच्याने गुंता सुटला नव्हता, उलट दोरीच संपली होती. मनकर्णा आत गेली नाही, म्हातारीनंतर कुणी आलं नाही, आणि म्हातारीला तर काळ्यावरचं पांढरं कळत नव्हतं. मग शब्द नेला कुणी?

५

भर दुपार झाली. शाळेच्या अंगणात बाया नवी लुगडी नेसून येऊन बसू लागल्या. आत इंदूबाई एकट्या फळ्यासमोर उभ्या होत्या, स्वतःच्याच परीक्षेत नापास होत आलेल्या.

गावाची खुशाली पुसली, असं रामराव म्हणाले. पण खुशालीवर डूख धरणाऱ्याने ‘खुशाली’ सबंध पुसली असती. ही वेलांटी का ठेवली? आणि ‘खुशी’ला हात का नाही? नुसता ‘खु’ ओळखून बोळा फिरवणाऱ्याने ‘खुशी’ही पुसली असती. इथे एकेक अक्षर वाचून पुसलं होतं. पुसणाऱ्याचं वैर अर्थाशी नव्हतं. त्याला फक्त खु, शा आणि ल हवे होते, याच क्रमाने, एवढेच.

रामराव दाराशी आले. गाव जमलं होतं, काय तो निकाल करा म्हणत होते. “रद्द करनं असन त खुशाल करा, बाई,” ते म्हणाले, “पन लोकाइले टांगून नका ठेवू.”

इंदूबाई गर्रकन वळल्या. सकाळपासून हा शब्द त्या ज्याच्यात्याच्या तोंडून ऐकत होत्या. खुशाल चौकशी करा, खुशाल झडती घ्या, खुशाल नाव कापा. अवघ्या मोहखेडच्या जिभेवर तो बसलेला. फक्त एका तोंडातून तो आला नव्हता. ‘बिनघोर बसा, माय.’ आणि आपण तो उच्चारला तेव्हा एक हात शेणाच्या बादलीपाशी थांबला होता.

काट्याचं फूल!

त्यांनी मास्तरांना आत बोलावलं. खुशाल नावाचा माणूस गावात आहे का? नाही. वर्गातल्या कुणाच्या नवऱ्याचं, सासऱ्याचं, भासऱ्याचं नाव? मास्तरांनी हजेरीपटावरून बोट फिरवलं आणि नाही म्हणाले. मग त्यांना बाईंच्या मनातलं कळलं.

“ज्यांना यजमान आहेत त्यांचीच नावं आपण चाळतोय, मास्तर,” इंदूबाई हळूच म्हणाल्या. विधवेलाही नवऱ्याचं नाव असतं, हे दिवसभर त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि याची त्यांना मनापासून लाज वाटली.

६

म्हातारी शाळेच्या मागच्या भिंतीशी मनकर्णेची पोर घेऊन बसली होती. इंदूबाई तिच्याजवळ जमिनीवरच टेकल्या. परीक्षा रद्द व्हायची वेळ आली आहे आणि आळ मनकर्णेवर आहे, एवढं त्यांनी सांगितलं. गोदाबाईचा चेहरा पालटला. पुढचं काही विचारावं लागलं नाही.

“तिले काई नका करू. म्या पुसलं.” आणि मग खालच्या आवाजात, “तुमाले समजलंच असन, काहून पुसलं थे.”

“वाचायला कधी शिकलात, आजी?”

“मास्तर पुढं शिकवत, म्या मांगं शिको.”

तिच्या नवऱ्याला पाहिलेलं या गावात आता कुणी नव्हतं. कौंडण्यपूरच्या जत्रेहून आला आणि पटकीने गेला. धड मिशीही फुटली नव्हती. भाऊ होता तोवर कधीतरी बोलता बोलता त्याचं नाव काढायचा. भाऊ गेला आणि ते नाव घेणारं कुणी उरलंच नाही. म्हातारी हे पोरीला थोपटत सांगत होती, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तशी.

“तोंडानं मले घेता येत नाई. कानानं आयकावं त घेनारं कोनी नाई. दुनिया तो शब्द बोलते, पन त्याले बोलावून थोडीच बोलते? मंग डोयानं तरी पाहावं म्हनलं, कसं दिसते थे. एकेक अक्षर जमवलं. मनातल्या मनात जोडलं. आज सकाई कंदील वर केला, अन् फयाभर तोच, माय. सारवनंच इसरली म्या.”

“मग पुसलंत का?”

“तुमी म्हनलं ना, मले उभं करान. साऱ्या गावापुढं ओरडून घेऊ त्याचं नाव? अन् मुकी राहिली त मास्तराची लाज जाते.”

तिने डावी मूठ उघडली. पदराची गाठ सोडली. आत तंबाखू नव्हती. लुगड्याच्या काळ्या टोकावर खडूची पांढरी भुकटी होती. सकाळपासून तिने ती झटकली नव्हती.

“पुसून त बसली,” ती म्हणाली, “पन झटकू कसं?”

नाव घेतल्याने कुणाचं आयुष्य कमी होत नाही, आणि जो गेला त्याचं तर काय कमी व्हायचं, असं एरवी इंदूबाईंनी चांगलं ठणकावलं असतं. आज त्यांचा आवाज बसला होता. पिशवीत हात घालून त्या बराच वेळ काहीतरी शोधत राहिल्या, आणि या खेपेस सापडलं. खडूचा तुकडा होता.

“तोंडानं घ्यायचं नाही, कबूल,” त्या म्हणाल्या. “हातानं?”

म्हातारीने पुष्कळ विचार केला. आई, आजी, सासू, सगळ्यांचं सांगणं आठवून पाहिलं असावं.

“हाताची बंदी त कोनीच नाई सांगतली,” ती म्हणाली. त्या साऱ्याजणींत लिहिता कुणालाच येत नव्हतं, मग बंदी घालणार कोण?

परीक्षा सुरू झाली. मजकुराला कुणाचा हात लागलेला नाही, इंदूबाईंनी जाहीर केलं. एका परीक्षार्थीने वाचून दाखवायच्या आधी पुसून दाखवलं, एवढंच, आणि ती आता लेखनाची परीक्षा देणार आहे. रामरावांना काही कळलं नाही. गोदाबाई फळ्यासमोर उभी राहिली तेव्हा बाया हसायला लागल्या होत्या. तिने ख काढला, त्याला उकार दिला. अक्षर डोंगराएवढं येत होतं, पण पुसलेल्या प्रत्येक जागी तिने ते लिहिलं. शेवटच्या ओळीत एकट्या राहिलेल्या वेलांटीजवळ येऊन ती थांबली, आणि सांभाळून तिच्याआधी नाव जोडलं.

पहिल्यांदा ओळखलं ते मैनाबाईंनी. ज्यांना ‘काट्याचं फूल’ वाचावं लागतं, त्यांना ते ओळखायला कितीसा वेळ लागतो? त्यांनी तोंडावर पदर घेतला, शेजारणीच्या कानात काही सांगितलं आणि ते बायांच्या रांगेत शेवटपर्यंत गेलं.

मग वाचन. मनकर्णेने मजकूर आधी पाहिला होता, म्हणून इंदूबाईंनी तिला पिशवीतलं वर्तमानपत्र दिलं. तिने ते पुरुषांनाही लाजवेल असं घडाघडा वाचलं. भाऊ मागे उभा होता. त्याने डोळे पुसले आणि बायकोकडे पाहायचं टाळलं.

बाकीच्या बायांनी फळ्यावरचं पत्र वाचलं. मैनाबाई उठल्या तेव्हा त्यांनी बाकीचं भराभर उरकलं, पण त्या शब्दापाशी दर वेळी थांबून तो नीट, मोठ्याने म्हटला. त्यांच्यामागून आलेल्या प्रत्येकीने तसंच केलं. मागे भिंतीशी म्हातारी मांडीवरच्या पोरीला थोपटत होती. डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. सारं गाव तिच्या माणसाला आळीपाळीने हाक मारत होतं.

संध्याकाळी एसटीच्या फाट्यापर्यंत मनकर्णा आणि गोदाबाई पोचवायला आल्या. एकीच्या हातात दाखला होता. दुसरीचं नाव हजेरीपटात नव्हतं, म्हणून तिचा दाखला अकोटहून यायचा होता. म्हातारीला त्याची घाई नव्हती. तिच्या पदराला गाठ पुन्हा बांधलेली होती.

“बिनघोर जा, माय,” ती म्हणाली.

इंदूबाई बसच्या पायरीवर चढल्या. निरोपाचा शब्द सवयीने ओठावर आला आणि त्यांनी तो तिथेच आवरला. म्हातारीने ते पाहिलं. तिच्या बोळक्या तोंडावर लाजरं हसू आलं, नव्या नवरीचं असावं तसं.

“म्हना ना, बाई,” ती म्हणाली. “तुमाले कोनाची बंदी हाय?”

“खुशाल,” इंदूबाई म्हणाल्या, आणि जरा थांबून पुढचं म्हणाल्या, “राहा, आजी.”